दगाचं पिस्तूल

कोसाड, सुरत
१२ फेब्रुवारी २०२५

ती. उज्ज्वलाताईस,
रामदासचा साष्टांग नमस्कार.

तुझी अट मान्य. ‘ज्याला माझ्याशी बोलायचं त्यानं तिकीट चिकटवावं,’ असं तू निवृत्त होतानाच सांगितलं होतंस. चौतीस वर्षं बोरटेकचं पोस्ट सांभाळलेली बाई दुसरं काय सांगणार! आणि मीही सध्या फोनला हात लावत नाही. त्याला कारण झालं.

मागच्या रविवारी मी माझ्या तीन पिस्तुलांचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आज तिघांना तेल पाजलं.’ तासाभरात सतरा फोन. व्याही ग्रुप सोडून गेले. सून पल्लवीनं तिच्या आईला कळवलं, की पप्पांना कुणीतरी धमकावतंय. चार वाजता दारात हवालदार. ‘काका, आ शुं छे?’ मी नळ्या दाखवल्या, त्यांत शिसं ओतून बंद केलेलं दाखवलं, कागद दाखवले. म्हटलं, साहेब, ही दीडदोनशे वर्षांपूर्वीची आहेत, यांनी आता मुंगीसुद्धा मरायची नाही. त्यानं एक हातात धरून स्वतःचा फोटो काढला आणि चहा पिऊन गेला.

तुला हा माझा नाद ठाऊक नसेल. चौदा वर्षं झाली. लूम खात्यातून फिटर म्हणून सुटलो, हात मोकळे पडले, आणि हे लागलं. सगळी पिस्तुलं नाही गोळा करत, ताई. फक्त आरमाराची, आणि तीही एका देशात बनून दुसऱ्या देशाच्या आरमारात गेलेली. पहिलं बेल्जियमात बनलेलं, हॉलंडच्या जहाजांसाठी. ते कतारगामच्या आपल्या जुन्या शेठच्या नातवाकडून घेतलं. दुसरं इंग्लंडात बनून तुर्कांकडे गेलं. तिसरं अलंगला जहाजं तोडतात तिथल्या जुन्या बाजारात मिळालं. त्यावर नांगर आहे, पण कुणाचा ते अजून कळत नाही. मंदा म्हणते, माणसं म्हातारपणी देव जमवतात, आमचे हे बंदुका जमवतात.

आता सहज आठवलं म्हणून विचारतो. आपल्या दगा आजोबांचं ते पिस्तूल तुझ्याकडेच आहे ना? शाळेत असताना मी पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला यायचो तेव्हा त्याला हार घालायचे. आजोबांची आणि लोटूमामांची आठवण म्हणून माझ्याकडे असावं असं वाटतं. बाकी काही नाही. तुला अडगळच होत असेल.

मामीला नमस्कार. सोबत घारीचा डबा कुरिअरनं पाठवलाय.

तुझा,
रामदास

-----

बोरटेक, ता. अमळनेर
२० फेब्रुवारी

चि. रामदास यास अनेक आशीर्वाद.

घारी पोचली. तूप सुटलं होतं, तरी आईनं तीन खाल्ल्या.

चौतीस वर्षांत एक कला शिकले. पाकीट न फोडता आत काय आहे ते कळतं. तुझ्या पत्रातला ‘सहज’ हा शब्द मी दोनदा वाचला. सहज आठवलेल्या वस्तूसाठी कुणी शुद्ध तुपातली घारी पाठवत नाही.

आणि अडगळ काय म्हणतोस? आजोबांची गोष्ट विसरलास की काय? बेचाळीस साली आजोबांनी बोरी नदीच्या काठी एका गोऱ्या साहेबाच्या कमरेचं पिस्तूल काढून घेतलं. पोलीस घरं धुंडाळायला लागले तेव्हा आजीनं ते विहिरीत टाकलं. पुढे तीस वर्षं गावानं आजोबांची टिंगल केली. कुणी थाप मारली की म्हणायचे, ‘हाई तं दगानं पिस्तूल शे!’ ही आपल्या गावची म्हणच झाली होती. मग बाहत्तरच्या दुष्काळात विहीर गाळली, तेव्हा नानांना, म्हणजे तुझ्या लोटूमामांना, ते गाळात सापडलं. ती म्हण त्या दिवशी बंद पडली.

आता सरपंच योगराजनं ठरवलंय, यंदाच्या पंधरा ऑगस्टला बसथांब्यापाशी ‘दगा पाटील चौक’ करायचा आणि पिस्तूल ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत ठेवायचं. तेव्हा ते मिळायचं नाही. घारी मात्र पाठवत जा.

तुझी,
उज्ज्वला

-----

कोसाड
१ मार्च

ती. ताई,

पकडलंस. खरं सांगतो.

मला आजोबांचं पिस्तूल आता आता आठवलं, आणि त्यावर नांगर होता हे आठवलं. ताई, नांगर! साध्या पिस्तुलावर नांगर कशाला असेल? आणि भिंतीवर ते त्याच्याच अंगच्या पट्टीनं लटकायचं. ती पट्टी भिंतीसाठी नव्हे. खलाशी दुसऱ्या जहाजावर चढताना त्याला दोन्ही हात लागतात, म्हणून पिस्तूल कमरपट्ट्याला अडकवायचा तो हूक. माझ्या हॉलंडवालीलाही तसाच आहे. मला तर वाटतं, ही दोन्ही एकाच जहाजावरची सख्खी भावंडं असावीत. एक सुरतेत उतरलं, एक बोरीच्या काठी पोचलं. तसं निघालं तर अशी जोडी अख्ख्या गुजरातेत कुणाकडे नसेल.

मला फक्त बघू दे. नळीच्या डाव्या अंगावर शिक्का असेल. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घास आणि तो कागद पाठव, एवढंच.

सोबत जॉर्जेटची साडी. मंदानं निवडली आहे.

रामदास

-----

बोरटेक
११ मार्च

चि. रामदास,

साडी छान आहे. रंग मला शोभत नाही म्हणून आईनं ठेवली.

कागद घासायचं काम सध्या जमणार नाही. पिस्तूल नानांच्या धोतरात गुंडाळून पेटीत आहे, पेटीवर गव्हाची कोठी आहे, आणि कोठी हलवायला माणूस मिळत नाही. शिवाय त्या नळीला गंज फार. शिक्का वगैरे काही दिसत नाही. मला तरी दिसला नाही. चष्माही बदलायचा आहे.

तू डोळ्यांची तपासणी केलीस का? मंदाचं पत्र होतं, की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ते आधी कर. या वयात फार बारीक बघू नये.

उज्ज्वला

-----

कोसाड
१९ मार्च

ती. ताई,

मला वाटलंच, एका साडीत भागायचं नाही. बार्गेनिंग तुझ्याकडून शिकावं! दुसरी साडी पाठवतोय, यात जरीचा काठ आहे. कोठी हलवायला शेजारच्या दत्तूला सांग, त्याचं चहापाणी माझ्याकडे.

मी रोज माझी हॉलंडवाली काढून बसतो. तिच्या शिक्क्यात अंडाकृती चौकट आहे. आत ई, एल, जी ही तीन इंग्रजी अक्षरं, खाली चांदणी. बेल्जियममधल्या लिएज गावी नळी तपासली की हा शिक्का मारायचे. त्याच्या शेजारी हॉलंडचा नांगर, आणि त्याचा एक काटा तुटल्यासारखा. गावातल्यावर ही तीन अक्षरं असतील तर ताई, मी तुझ्या पाया पडायला लोटांगण घालत अमळनेर स्टेशनपासून येईन.

रामदास

-----

बोरटेक
२ एप्रिल

चि. रामदास,

लोटांगण नको, उन्हं वाढलीत.

दत्तू न बोलावताच आला. कोठी हलवली आणि आईनंच पिस्तूल काढून दिलं. म्हणाली, ‘पोऱ्या एवढं मागी राह्यना, त्याले दे.’ कागद घासून सोबत पाठवला आहे. माझा हात कापतो, तेव्हा चुकलं असेल तर मनावर घेऊ नकोस.

उज्ज्वला

-----

कोसाड
१४ एप्रिल

ती. ताई,

कागद उघडला आणि माझा घास हातातच राहिला. अंडाकृती चौकट आहे! चांदणी आहे! नांगर आहे, आणि ताई, त्याचा काटासुद्धा तुटका आहे!

फक्त अक्षरं उलटी आलीत. जी, एल, ई, आणि तीही आरशात बघावी तशी. तू कागद पालथा धरलास आणि मागून गिरवलंस, दुसरं काय. पोस्टात शिक्के मारून आयुष्य गेलं आणि साधा कागद सरळ धरता येत नाही! असो. कापऱ्या हाताला माफ.

अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी येतोय. मंदाही येते. खापरावरचे मांडे खायचे, मामीला भेटायचं, आणि पिस्तूल डोळे भरून बघायचं. नेणार नाही, शप्पथ. (मोठी बॅग आणतोय ती कपड्यांसाठी.)

रामदास

-----

कोसाड
६ मे

ती. ताई,

सुखरूप पोचलो. उधन्याला उतरून रिक्षानं घरी. मांडे फार सुंदर झाले होते. मामी पंच्याऐंशीची आहे आणि अजून खापर स्वतः सांभाळते, हे मंदा इथे सगळ्या बायकांना सांगतेय.

पिस्तूल पाहिलं. योगराजनं पारावर सगळ्यांसमोर विचारलं, ‘काका, तुम्ही जाणकार. सांगा, कसं आहे?’ तेव्हा जे खरं होतं ते बोललो: ‘अशी वस्तू मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझा चेहरा मात्र का उतरला ते कळलं नाही.

ताई, ते गावातच राहू दे. मला नको. मी मागितलं हेच चुकलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टात करतो.

रामदास

-----

बोरटेक
२८ जून

चि. रामदास,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता एका दमात लिहिते.

गेल्या आठवड्यात नवे फौजदार आले होते. योगराजनं त्यांना मोठ्या ऐटीत काचेची पेटी दाखवली. ते म्हणाले, ‘सरपंच, खरं असेल तर मला जप्त करावं लागेल. तज्ज्ञाकडे पाठवू, त्याचा दाखला आला की परत. खोटं असेल तर खुशाल हार घाला.’ योगराज छाती पुढे काढून म्हणाला, ‘खरंच आहे साहेब, सुरतेच्या तज्ज्ञानं सांगितलंय.’ फौजदार पंधरा ऑगस्टला येणार आहेत. त्याआधी लेखी दाखला द्या म्हणून सांगून गेलेत. दाखला तुझा.

आणि रामदास, ते पिस्तूल खोटं आहे.

मला बारा वर्षांपासून ठाऊक आहे. नाना गेले तेव्हा आईनं सांगितलं. विहिरीत काही सापडलं नव्हतं. आजोबांची टिंगल नानांना सहन होईना. ते सुरतेला होते, कतारगामच्या त्याच शेडमध्ये, जिथे पुढे त्यांनी तुला चिकटवलं. शेठच्या हाफिसात काचेच्या कपाटात एक जुनं पिस्तूल होतं. शेठ कुणा कारीगराला हात लावू देत नसे. नाना दर पगाराच्या दिवशी पैसे घ्यायला आत जायचे आणि कपाटासमोर उभे राहून बघत राहायचे. शेठ म्हणायचा, ‘लोटू, तिथे सिनेमा लागलाय का?’ खोलीवर येऊन बघितलेलं लोखंडावर घासून उतरवायला बसायचे. चार महिने लागले. लाकूड लूमच्या दांड्याचं, नळी कसल्यातरी पाइपाची. मग दुष्काळात विहीर गाळायला गेले आणि चिखलात माखून वर घेऊन आले.

मी तुला टोलवत राहिले ते साडीसाठी नव्हे. मला भीती होती, की तू जाणकार, हातात घेतलंस की ओळखशील. आणि ओळखलंस की गावात पुन्हा ती म्हण सुरू होईल. आखाजीला तू पारावर म्हणालास ‘अशी वस्तू पाहिली नाही,’ तेव्हा मला वाटलं, फसला बिचारा. माझ्या हातानं फसवला. त्या दिवसापासून झोप नाही.

तू खोटा दाखला लिहू नयेस. आणि खराही लिहू नयेस. मग काय लिहावंस ते मला सुचत नाही.

उज्ज्वला

-----

कोसाड
६ जुलै

ती. ताई,

वेडी आहेस. मी फसलो नव्हतो.

हातात घेतलं त्याच क्षणी कळलं. तू कागद पालथा धरला नव्हतास. अक्षरं पिस्तुलावरच उलटी आहेत. नळी बॉयलरच्या पाइपाची. आणि ताई, कानशीचे ओरखडे! मामा कानस तिरपी चालवायचे आणि शेवटचा हात उलटा मारायचे. मलाही तसंच शिकवलं, चुकलं की बोटांवर पट्टी. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून तो ओरखडा ओळखतो. तुझ्या घरी ओट्यावर बसून मी त्या नळीवरून बोट फिरवलं आणि मला मामांची शिवी ऐकू आली.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. बेचाळीस सालचा गोरा साहेब शंभर वर्षं जुनं पिस्तूल कमरेला कशाला लावेल? पण हावऱ्याला प्रश्न पडत नाहीत.

मी गप्प बसलो, कारण मला वाटलं तुला ठाऊक नाही. तू गप्प बसलीस, कारण तुला वाटलं मला ठाऊक नाही. दोघांनी मिळून मांडे खाल्ले आणि एकमेकांना फसवल्याचं दुःख करत घरी गेलो. यापेक्षा सतरा फोन परवडले.

एकच कोडं सुटत नव्हतं. मामांसारखा माणूस अक्षरं उलटी कशी कोरेल? ते तुझ्या पत्रानं सुटलं. शेठचं ते कपाट मी पाहिलंय, ताई. त्याच्या पाठीला आरसा होता. पिस्तूल एका कुशीवर ठेवलेलं, समोरून फक्त उजवं अंग दिसायचं. शिक्का, नांगर, हूक, सगळं डाव्या अंगाला. ते मामांना आरशातच दिसलं. इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे जसं दिसलं तसं, एकेक रेघ, मनात धरून खोलीवर आणलं. नांगराचा तुटका काटासुद्धा सोडला नाही.

आणि ते कपाटातलं पिस्तूल म्हणजे कोणतं, ओळखलंस का? माझी हॉलंडवाली. चौदा वर्षं माझ्याच कपाटात, मंदाच्या साड्यांखाली आहे. मी जिला भावंड शोधत होतो तिची ती नक्कल निघाली. खरं सांगू? कळल्यापासून मला अस्सलपेक्षा नक्कलच चढ वाटते. अस्सल बनवायला कारखाना होता, साचे होते. मामांकडे फक्त पगाराचा दिवस होता.

दाखला लिहिला आहे, खरा. पाकिटात बंद करून पाठवतो. पण तो तू उघडू नकोस आणि योगराजलाही देऊ नकोस. मामीच्या हातात दे. नवरा तिचा, सासरा तिचा. वाचायला लावायचा की चुलीत घालायचा, तिनं ठरवावं. मला ऑगस्टच्या अकरा तारखेला डोळ्याला पट्टी लागणार आहे, तेव्हा येता येणार नाही. जे होईल ते सविस्तर लिही. नाहीतर मी इथे एका डोळ्यानं वेडा होईन.

रामदास

-----

बोरटेक
१८ ऑगस्ट

चि. रामदास,

डोळा कसा आहे? हे पत्र मंदाकडून वाचून घे, स्वतः वाचू नकोस.

पंधरा तारखेला झेंडावंदन झालं आणि सगळे बसथांब्यापाशी जमले. शाळेची मुलं, भजनी मंडळ, शेजारच्या दोन गावांची माणसं. पाटीवर पडदा. टेबलावर काचेची पेटी. योगराज नवा फेटा बांधून. फौजदार घड्याळ बघत म्हणाले, ‘सरपंच, दाखला?’ योगराजनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आई तुझी जॉर्जेटची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिनं कनवटीचं पाकीट काढलं आणि ती उठून थेट टेबलापाशी गेली. मला वाटलं, देऊन परत येईल. तिनं पाकीट फौजदारांच्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘हाई मागून वाचा. आधी मी बोलस.’

आणि माईक धरला. आयुष्यात पहिल्यांदा! उलटा धरला. दत्तूनं सरळ करून दिला.

ती म्हणाली, ‘मना सासरा खरं बोलना का खोटं बोलना, माले ठाव नही. बेचाळीसले मी दोन वरीसनी व्हतू. पन हाई पिस्तूल विहीरमा नही सापडनं. हाई मना मालकनी सुरतमा बनाडं.’

योगराजचा फेटा डोळ्यांवर आला तरी त्याला कळेना.

‘चार महिना लोखंड घसं. कशासाठे? तर बापले कोनी हसाले नको. विहीरमधून वर आना, म्हाताराना हातमा दिधं. म्हातारानी आथून पाह्यं, तथून पाह्यं. मग लोटूकडे पाह्यं. बराच येळ पाह्यं. मी तठेच दारमा उभी व्हतू. आनि मग सगळासले सांगं, हाईच शे मनं पिस्तूल.’

मग पेटीच्या काचेवर हात ठेवला. ‘त्याले कळनं व्हतं. बाप व्हता त्याना.’

मग ती खाली बसली. हसलं कुणीच नाही. आणि मग भाईदास बुवा, तेच, लहानपणी आजोबांच्या मागे ‘दगानं पिस्तूल’ ओरडत फिरणारे, आता शहाऐंशीचे, ते काठी टेकत उठले. मला वाटलं, आता हा म्हातारा जुनं काढतो. ते टेबलापाशी गेले, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘लोटूनी आमले सगळासले बनाडं! पन कारीगर व्हता भो!’ आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. तेव्हा सगळा गाव हसला, पण ते हसणं निराळं होतं.

फौजदारांनी तुझा दाखला मोठ्यानं वाचला. ‘वरील पिस्तूल हे शस्त्र नसून, लोटू दगा पाटील, फिटर, यांनी आपल्या वडिलांसाठी हाताने बनवलेली वस्तू आहे. त्यातून काहीही उडत नाही.’ कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, ‘असा दाखला माझ्या नोकरीत पहिलाच,’ आणि पेटीवर स्वतःच हार घातला.

आता पाटीचं ऐक. पडदा काढला तर ‘दगा पाटील चौक’. शेजारच्या गावचा कुणी म्हणाला, ‘दगा चौक? इथे काय दगाफटका होतो का?’ मग बायकांनी धरणंच धरलं, की लोटूचंही नाव पाहिजे. पेंटर तिथेच होता, पण पाटीवर जागा नव्हती. त्यानं ‘लोटू’ हे बारीक अक्षरात वर लिहिलं. मुलगा बापाच्या डोक्यावर बसलाय. आई म्हणते, राहू द्या, लहानपणीही तो खांद्यावरूनच जत्रेला जायचा.

योगराज दोन दिवस घराबाहेर पडला नाही. काल आला आणि सांगू लागला, की हे पिस्तूल लोटूकाकांचं, तर मग साहेबाचं खरं पिस्तूल अजून विहिरीतच असणार. उन्हाळ्यात पुन्हा गाळ काढायचा त्याचा बेत आहे. काढू दे. पाणी तरी वाढेल.

मला त्या रात्री साडेतीन महिन्यांनी गाढ झोप लागली.

आईनं एक हट्ट धरलाय. तिला ते शेठच्या कपाटातलं बघायचंय. दसरा झाला की दत्तूसोबत गाडीत बसवून देते. मी येणार नाही. मला चार दिवस एकटीला चहा करून प्यायचाय.

उज्ज्वला

-----

कोसाड
९ ऑक्टोबर

ती. उज्ज्वलाताईस सा. न.

मामी सोमवारी पोचली. दत्तू तिला सोडून त्याच गाडीनं परत गेला. डोळा आता उत्तम, मामीच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा लांबून दिसतं.

आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता म्हणाली, ‘काढ.’ मी कपाट उघडलं. मंदा इतक्या वर्षांत पिस्तुलांना कधी शिवली नाही. तिनं पुढे होऊन साड्या बाजूला केल्या, हॉलंडवाली उचलली, पदरानं पुसली आणि मामीच्या मांडीवर ठेवली. मी तिघांना तेल पाजत बसायचो तेव्हा हीच मला वेड्यात काढायची!

मामीनं ते जवळ ओढलं. डोळ्यांना नीट दिसत नाही तिला, पण बोटं फिरवत होती. हूक चाचपला. नांगर चाचपला. तुटक्या काट्यापाशी बोट थांबलं.

‘त्याले हात लावू नही दिधा ना कोनी?’ तिनं विचारलं.

म्हटलं, ‘नाही मामी. शेठ कुणालाच देत नसे.’

‘आते मी लावा,’ ती म्हणाली.

मग तिनं ते तळहातावर तोललं, भाजीवाल्याचं वजन तपासावं तसं, आणि निकाल दिला, ‘जड शे. आपलं हलकं व्हतं, म्हातारानी हातले झेपे असं.’ मी वर्षानुवर्षं दोन्हींत मोजमापाचा फरक शोधला असता, तरी हे माझ्या ध्यानात आलं नसतं. मामांना अस्सल किती जड आहे ते कळलंच नव्हतं, की कळूनही त्यांनी हलकं केलं, ते आता कोण सांगणार?

काल तिला रिक्षानं कतारगामला नेलं. शेडच्या जागी हिऱ्याचा कारखाना झालाय, चार मजली. वॉचमन म्हणाला, ‘माँजी, अंदर काम है क्या?’ मामी म्हणाली, ‘नही रे बाबा. आमनं काम व्हई गयं.’ आणि येताना तिनं तुझ्यासाठी एक साडी घेतली, स्वतः निवडून. रंग तुला शोभणार नाही, आधीच सांगतो.

तिचं परतीचं तिकीट उद्याचं होतं. ते मी तिच्या सांगण्यावरून रद्द केलं. दिवाळीपर्यंत राहते म्हणते. तेव्हा तू एकटीनं चहा पीत राहा.

अडचण एकच आहे. हॉलंडवाली अजून कपाटात परत आलेली नाही. आज चौथा दिवस. दुपारी मामीच्या मांडीवर असते, झोपताना उशाशी. हवालदार परवा सहज डोकावला, तर त्यालाही तिनं ते हातात देऊन वजन बघायला लावलं. मंदा म्हणते, मागून घ्या. मी दोनदा तिच्यासमोर जाऊन बसलो, ताई, पण मागायची माझी छाती होत नाही.

तुझा,
रामदास